कासवाची टाकी, सांडपाणी आणि सोरा : एका गाळणीचा इतिहास

घरी पाळलेल्या कासवाच्या टाकीसाठी कोणता फिल्टर घ्यावा, असे विचारले की दुकानात वॅट, लिटर आणि रुपये या तीन आकड्यांत उत्तर मिळते. हे उत्तर चुकीचे नसले तरी अपुरे असते. फिल्टर नेमके काय करतो, हे समजायला रसायनशास्त्राला आणि सूक्ष्मजीवशास्त्राला मिळून दीडशेहून अधिक वर्षे लागली. या कथेत लंडनच्या काचेच्या भांड्यातले दोन गोल्डफिश आहेत, बिहारच्या मातीतला सोरा आहे, मँचेस्टरचे सांडपाणी आहे आणि बंगळूरची एक प्रयोगशाळाही आहे. हा इतिहास ठाऊक असला, तर योग्य फिल्टर निवडणे बरेच सोपे होते. आणि ती निवड चुकली, तर तिचा परिणाम एका टाकीपुरता उरत नाही. तो आपल्या नद्यांपर्यंत आणि देवळांच्या तळ्यांपर्यंत पोहोचतो.

आरंभ करू या १८५० पासून. लंडनचे रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी तिथल्या केमिकल सोसायटीपुढे एक छोटासा प्रयोग मांडला. सुमारे बारा गॅलन पाण्याच्या काचपात्रात त्यांनी दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली होती. मासे कार्बन डायऑक्साइड सोडतील, वनस्पती तो घेऊन प्राणवायू परत देईल आणि पाणी न बदलता दोघेही जगतील, अशी त्यांची अटकळ होती. काही दिवस सारे सुरळीत चालले. पुढे वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली आणि पाणी गढूळ झाले. तेव्हा वॉरिंग्टन यांनी त्यात तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजलेली पाने खाल्ली आणि पाणी पुन्हा नितळ झाले. प्राणी, वनस्पती आणि सफाई कामगार असा हा तिघांचा संसार 'समतोल मत्स्यपात्र' म्हणून प्रसिद्धीस आला. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले. १८५४ साली फिलिप गॉस यांच्या ग्रंथाने 'ॲक्वेरियम' हा शब्द घरोघरी नेला.

वॉरिंग्टन यांच्या हिशेबात मात्र एक रकाना रिकामा होता. श्वसनाच्या वायूंचा जमाखर्च त्यांनी मांडला. मलमूत्रातील नायट्रोजनचे काय होते, हा प्रश्न तसाच राहिला. पाण्यात राहणाऱ्या प्राण्यांच्या विसर्जनातून अमोनिया आणि युरिया बाहेर पडतात. युरियाचाही सूक्ष्मजीव अमोनियाच करतात. दोन माशांच्या अमोनियाची सोय वनस्पती लावू शकते. माशांची गर्दी झाली की तिची शक्ती संपते. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील भव्य मत्स्यालय १८७१ साली उभारताना विल्यम आल्फर्ड लॉइड यांनी यावर अनुभवातून तोडगा काढला. प्रदर्शनाच्या टाक्यांपेक्षा कितीतरी मोठा, अंधारा जलसाठा त्यांनी बांधला आणि पंपांनी पाणी त्यातून अखंड फिरते ठेवले. पाणी शुद्ध राहत होते. ते का शुद्ध राहते, याचे नीट उत्तर तेव्हा कोणाजवळही नव्हते.

त्या उत्तराचा धागा भारताच्या मातीत केव्हाचाच होता. बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, शतकानुशतके बिहारमधून जगभर जात असे. गुरांचे गोठे आणि वस्ती यांच्या आसपासच्या, मूत्राने मुरलेल्या जमिनीवर पांढरा थर उमटे. नोनिया समाजाचे कारागीर ती माती खरवडून, पाण्याने धुऊन, ते पाणी आटवून सोरा काढत. ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापारातला हा एक मोलाचा माल होता. गोठ्यातल्या मूत्राचा सोरा कसा होतो, हे त्या कारागिरांना विचारले असते तर त्यांनी ऋतू, ओल आणि जुनी माती यांचे महत्त्व नेमके सांगितले असते. ते घडवून आणणारे जीव डोळ्यांना दिसत नव्हते, इतकेच.

१८७७ साली फ्रान्समध्ये तेओफिल श्लोसिंग आणि आशिल म्युंट्झ यांनी ते अदृश्य जीव प्रयोगाने उघडे पाडले. वाळू आणि चुनखडी भरलेल्या उभ्या नळीतून ते सांडपाणी थेंबाथेंबाने झिरपू देत होते. पहिले सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही. जसा अमोनिया आत जाई, तसाच बाहेर येई. नंतर अचानक नायट्रेट दिसू लागले. हा केवळ रासायनिक बदल असता, तर तो पहिल्याच दिवशी सुरू व्हायला हवा होता. मग त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली आणि नायट्रेट बनणे थांबले. वाफ काढून टाकून थोड्या ताज्या मातीचे पाणी त्यात घातल्यावर काही दिवसांनी ते पुन्हा सुरू झाले. क्लोरोफॉर्मने बेशुद्ध होते, त्यात जीव असला पाहिजे. वाळूची ती नळी म्हणजे आजच्या जैविक फिल्टरची पूर्वज होय. वीस दिवसांची ती प्रतीक्षा आजही प्रत्येक नव्या टाकीला चुकलेली नाही.

इथे इतिहासाने एक सुंदर गाठ मारली आहे. या शोधाचा पुढचा टप्पा गाठला तो दुसऱ्या रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी, मत्स्यपात्राच्या जनकाच्या मुलाने. वडिलांच्याच प्रयोगशाळेत रसायनशास्त्राचे धडे गिरवलेले धाकटे वॉरिंग्टन इंग्लंडमधील रोथॅमस्टेडच्या शेतकी संशोधन केंद्रात मातीतील नायट्रेटचा अभ्यास करत होते. हा बदल दोन पायऱ्यांनी होतो, असे त्यांनी दाखवले. एका प्रकारचे जीव अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसऱ्या प्रकारचे त्या नायट्राइटचे नायट्रेट. हे जीव वेगळे काढण्यात मात्र त्यांना अपयश आले, कारण त्या काळच्या प्रयोगशाळांत जीवाणू वाढवण्यासाठी जिलेटिन वापरले जाई आणि हे जीव त्यावर वाढेनात. १८९० च्या सुमारास झ्युरिकमध्ये सर्गेई विनोग्राद्स्की यांनी त्याचे कारण ओळखले. या जीवाणूंना सेंद्रिय अन्न लागतच नाही. अमोनियाच्या ज्वलनातून मिळणाऱ्या ऊर्जेवर ते हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून स्वतःचे शरीर घडवतात. वडिलांच्या हिशेबातला रिकामा रकाना मुलाने अर्धा भरला आणि एका रशियन शास्त्रज्ञाने तो पुरा केला.

आता मँचेस्टरकडे वळू. औद्योगिक शहरांच्या सांडपाण्याने नद्या सडत होत्या. तिथे एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा फुंकून पाहिली. पहिल्या खेपेस अमोनियाचे पूर्ण नायट्रेट व्हायला सुमारे पाच आठवडे लागले. इतका वेळ कोणत्या शहराला परवडणार? मग त्यांनी वरचे स्वच्छ पाणी काढून घेतले, तळाचा गाळ तसाच ठेवला आणि त्यावर नवे सांडपाणी ओतले. ही कृती पुन:पुन्हा केल्यावर तेच काम २४ तासांच्या आत होऊ लागले. गाळात जीवाणूंची वसाहत तयार झाली होती. १९१४ साली प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीला 'ॲक्टिव्हेटेड स्लज', म्हणजे सक्रिय गाळ, असे नाव मिळाले. जगातल्या असंख्य सांडपाणी प्रकल्पांचा पाया आज तीच पद्धत आहे.

या प्रयोगामागे प्रेरणा होती गिल्बर्ट फाउलर यांची. आणि हेच फाउलर १९१६ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले. तिथे जीवरसायनशास्त्राचा विभाग त्यांच्याच काळात उभा राहिला. सांडपाण्याच्या जीवशास्त्राचा अभ्यास त्या संस्थेत पुढेही चालू राहिला. १९४० च्या दशकात एस. सी. पिल्लै आणि व्ही. सुब्रह्मण्यन यांनी पाणी नितळ करण्यात जीवाणूंच्या जोडीने आदिजीवांचाही, म्हणजे प्रोटोझोआंचाही, मोठा वाटा असतो हे मांडले. म्हणजे फिल्टरच्या स्पंजात जी सृष्टी नांदते, तिचे एक पान भारतात लिहिले गेले आहे.

एवढा इतिहास पाहिल्यावर कासवाकडे येऊ. दुकानांत विकले जाणारे, डोळ्यांमागे लाल पट्टा असलेले कासव म्हणजे रेड-इअर्ड स्लायडर. ते मूळचे अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. विकत घेताना ते रुपयाच्या नाण्याहून थोडेच मोठे असते. पूर्ण वाढलेली मादी २५ ते ३० सेंटिमीटरपर्यंत जाते आणि योग्य निगा राखली तर दोन-तीन दशके जगते. या पिलांमुळे मुलांना साल्मोनेलाचा संसर्ग होऊ लागला, तेव्हा १९७५ साली अमेरिकेने चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांची विक्री बंद केली. तिथली कासवपालन केंद्रे मात्र चालूच राहिली आणि पिले परदेशी जात राहिली. १९९७ साली युरोपीय संघाने या उपजातीची आयात रोखली. आशियातली बाजारपेठ खुलीच राहिली, आणि तीत आपणही होतो.

माशासाठी बनवलेला फिल्टर कासवासाठी का पुरत नाही? कारण कासव पाण्यातच खाते, अन्नाचे लचके तोडून तुकडे विखुरते आणि पाण्यातच विसर्जन करते. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. पाणी बिघडले की मासा पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करतो; त्याचा प्राणवायू पाण्यातूनच येतो, म्हणून तो लगेच इशारा देतो. कासव फुप्फुसांनी हवेतला श्वास घेते. ज्या पाण्यात मासा दिवसभरात मरेल, त्या पाण्यात कासव महिनोन्महिने तग धरते आणि आतून झिजत राहते : डोळे सुजतात, कातडीला आणि कवचाला संसर्ग होतो. पाहणाऱ्याला वाटते, आहे की छान! कासवाच्या सहनशीलतेला आपण त्याचे आरोग्य समजतो, हीच खरी फसगत आहे.

म्हणून निवड करताना पहिला विचार आकारमानाचा. टाकीतल्या पाण्याच्या दुप्पट ते तिप्पट क्षमतेचा फिल्टर घ्यावा, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. पाणी १०० लिटर असेल, तर वेष्टनावर २०० ते ३०० लिटर लिहिलेला फिल्टर घ्यावा. कारण वेष्टनावरचा आकडा माशांच्या टाकीसाठी असतो. दुसरा विचार जागेचा, म्हणजे जीवाणूंना राहायला किती पृष्ठभाग मिळतो याचा. टाकीत बुडवायचा छोटा फिल्टर पिलापुरता ठीक. कासव वाढले की बाहेर ठेवायचा, बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर सोयीचा. त्यात प्रथम जाड स्पंज असतो. तो अन्नाचे कण आणि विष्ठा अडवतो. त्यानंतर सच्छिद्र मातीच्या नळ्या किंवा गोळ्या असतात. श्लोसिंग-म्युंट्झ यांची वाळू आणि चुनखडी ती हीच. कोळसा वास आणि रंग शोषतो, पण अमोनियाचा प्रश्न सोडवत नाही. पाणी काचेसारखे दिसले म्हणजे ते निर्विष झाले, असे नव्हे. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी तपासणीचा संच घ्यावा. अमोनिया आणि नायट्राइट शून्याजवळ असले, तर जीवाणू कामावर आहेत असे समजावे.

तिसरा धडा आर्डर्न आणि लॉकेट यांचा. फिल्टर घाण झाला म्हणून स्पंज नळाखाली चोळून लख्ख करणे, म्हणजे आठवडे लावून वसवलेली वसाहत क्लोरीनच्या पाण्याने धुऊन टाकणे होय. स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळावा आणि सगळे थर एकाच दिवशी बदलू नयेत. नवे पाणी भरताना त्यातला क्लोरीन घालवण्याचे औषध वापरावे.

चौथा विचार आपल्या हवामानाचा आणि विजेचा. १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचे नायट्रेट करताना हे जीवाणू सुमारे ४.६ ग्रॅम प्राणवायू खर्च करतात. उन्हाळ्यात कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. त्यातच वीज गेली की बंद डब्यातले पाणी थबकते आणि काही तासांत वसाहत गुदमरू लागते. जिथे वीज वारंवार जाते, तिथे बॅटरीवरचा हवेचा पंप आणि त्यावर चालणारा साधा स्पंज फिल्टर जोडीला असणे शहाणपणाचे. पाण्याचा सामूही महत्त्वाचा आहे. २५ अंश सेल्सिअसला सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याहून थोडा अधिक भाग विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की तो पाच टक्क्यांवर जातो. सामूचा एक अंक वाढला, की विष जवळपास दहापट. एका गावचा अनुभव दुसऱ्या गावी का लागू पडत नाही, त्याचे कारण बरेचदा इथे सापडते.

आणि पाचवी गोष्ट : सर्वोत्तम फिल्टरही नायट्रेटपाशी थांबतो. ते टाकीतच साठत जाते. दर आठवड्याला पाण्याचा काही भाग बदलणे हाच त्यावरचा उपाय. ते काढलेले पाणी बागेतल्या झाडांना घालावे, म्हणजे बिहारच्या सोऱ्याची गोष्ट आपल्या अंगणात पुरी होते.

आपल्याकडे एक जुनी समजूत आहे, की कासव पाणी शुद्ध ठेवते. अनेक गावांत त्याच समजुतीने विहिरीत कासव सोडले जाई. नदीच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. मृत मासे आणि कुजलेले मांस कासवे खातात. १९८६ साली सुरू झालेल्या गंगा कृती योजनेत तर वाराणसीला मांसाहारी कासवे नदीत सोडण्यात आली आणि १९८९ साली तिथे कासव अभयारण्य झाले. २०२० साली त्याची अधिसूचना मागे घेण्यात आली. पण कासव जे खाते, त्याचा अमोनिया शेवटी पाण्यातच उतरतो. वाहत्या नदीत तो पांगतो आणि गाळातले जीवाणू त्याची विल्हेवाट लावतात. काचेच्या चार भिंतींत तो कुठे जाणार? टाकीत नदी नसते. नदीचे काम त्या स्पंजाला करावे लागते.

हे ज्यांना सांगितले जात नाही, त्यांच्या घरी पुढचा अंक ठरलेला असतो. कासव वाढते, पाण्याला दुर्गंधी येते, रोज पाणी उपसून हात दुखतात आणि एके दिवशी घरचे म्हणतात, सोडून देऊ या तळ्यात. हेतू दयेचा असतो. परिणाम काय होतो, ते आसामात पाहावे. काळे मृदुकवची कासव २००२ साली आंतरराष्ट्रीय यादीत वन्य अवस्थेत नामशेष म्हणून नोंदले गेले होते. ते टिकले ते मुख्यतः मंदिरांच्या तळ्यांत, भाविकांच्या श्रद्धेमुळे. अलीकडे त्याच तळ्यांतल्या अंड्यांतून निघालेली पिले पुन्हा निसर्गात सोडली जात आहेत. आणि गुवाहाटीच्या उग्रतारा मंदिराच्या तळ्यात, तसेच दीपोर बील या सरोवरात, लोकांनी सोडलेली अमेरिकन स्लायडरही आढळली आहेत. अन्न, ऊन खाण्याची जागा आणि रोगजंतू या तिन्ही वाटांनी ती स्थानिक कासवांवर मात करू शकतात. केरळमध्ये अशी कासवे सापडू लागली, तेव्हा तिथल्या वन संशोधन संस्थेने ती पाण्यात न सोडता आपल्याकडे आणून द्यावीत, असे आवाहन केले.

भारतात गोड्या पाण्यातली २४ आणि जमिनीवरची ५ अशी कासवांची २९ जातकुळे नोंदलेली आहेत. मृदुकवची कासव असो वा तारांकित कासव, ती पकडणे, विकणे वा घरी ठेवणे हा वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने परक्या आक्रमक जातींच्या आयातीवर, व्यापारावर आणि बाळगण्यावर बंधने घालण्याचा अधिकारही केंद्र सरकारला दिला आहे. कायद्याचा हात मात्र दुकानाच्या काउंटरपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. तोवर खरी वेस आपल्या घराच्या उंबरठ्यावरच आहे.

ज्याच्या घरी कासव आधीच आहे, त्याने मोठी टाकी आणि पुरेसा फिल्टर यांवर केलेला खर्च कंजूषी न करता करावा. तो एका प्राण्याच्या पुढच्या वीस-तीस वर्षांचा आणि जवळच्या तळ्याचाही विमा आहे. सांभाळणे अशक्यच झाले, तर वनविभागाशी किंवा प्राणी बचाव केंद्राशी बोलावे. पाण्यात सोडू नये. आणि ज्याने अजून आणले नाही, त्याने नाण्याएवढ्या पिलाकडे पाहताना ताटाएवढ्या कासवाचा आणि त्याच्या अमोनियाचा हिशेब आधी मांडावा. तो जुळत नसेल, तर न आणणे हीच सर्वांत उत्तम निवड.

शेवटी एक गमतीची नोंद. अमोनियाचे नायट्राइट करणारा पहिला आर्किया-वर्गीय सूक्ष्मजीव २००५ साली वेगळा काढला गेला तो सिॲटलच्या मत्स्यालयातल्या टाकीतून. अमोनियापासून थेट नायट्रेटपर्यंतच्या दोन्ही पायऱ्या एकटाच चढणारा जीवाणू असतो, हे २०१५ साली दोन संशोधक गटांनी दाखवले. त्यांतल्या एकाचा नमुना मत्स्यपालनाच्या फिल्टरमधला होता. सव्वाशे वर्षे पाठ्यपुस्तकांत पक्की बसलेली 'दोन पायऱ्या, दोन जीव' ही समजूत एका फिल्टरने बदलली. तेव्हा पुढल्या वेळी स्पंजावरचा तो तपकिरी, बुळबुळीत थर दिसला, तर तो नळाखाली धरण्याआधी क्षणभर थांबावे. विज्ञानाला त्यात अजूनही नवे काही सापडत आहे.